ड्राइव्हमधून साइटवर: फोटोंची ने-आण यंत्राकडे, आवक-जावक आपल्याकडे

जिल्ह्याचं वृत्त-पोर्टल असो, दिवाळी अंकाची वेब आवृत्ती असो की गिर्यारोहण संस्थेची साइट, फोटोंची वाट बहुतेक ठिकाणी एकच असते. वार्ताहर किंवा सभासद गुगल ड्राइव्हच्या फोल्डरमध्ये फोटो टाकतो. डेस्कवरचं कुणीतरी ते एकेक करून संगणकावर उतरवून घेतं, वर्डप्रेसच्या मीडिया लायब्ररीत चढवतं, मग कॅप्शन व्हॉट्सॲपवर शोधून चिकटवतं. रोजचे दहा फोटो असतील तर हे निभतं. आषाढी वारीत, गणेशोत्सवात किंवा मतमोजणीच्या दिवशी मात्र उपसंपादक बातमी बाजूला ठेवून हमाली करत बसतो.

ही हमाली यंत्राकडे देता येते, आणि त्यासाठी महागडी यंत्रणा लागत नाही. पण फाइल इथून तिथे नेणं हा या कामाचा सोपा भाग आहे. कोणता फोटो गेला, कोणता अडकला, कोणता दोनदा गेला आणि कुणाच्या परवानगीने गेला हे केव्हाही सांगता येणं, हा अवघड भाग. सरकारी कचेरीत टपाल शिपाई नेतो, पण कारभार चालतो तो आवक-जावक नोंदवहीवर. इथेही आधी नोंदवही मांडायची आणि मग शिपाई नेमायचा.

छोट्या संस्थांकडे बहुधा गुगल ड्राइव्ह आणि वर्डप्रेस असतं, म्हणून या लेखात तीच जोडी धरली आहे. तुमचे फोटो ड्रॉपबॉक्सवर किंवा ॲमेझॉनच्या एस-थ्रीवर असतील, तर बटणं बदलतील, क्रम बदलणार नाही.

ड्राइव्हची लिंक लेखात चिकटवू नका

एक आडवाट आधीच बंद करू. फोटो ड्राइव्हवर आहेतच, तर त्यांचीच लिंक लेखात का देऊ नये, असा प्रश्न हमखास निघतो. ड्राइव्हच्या शेअर लिंकने फोटो दाखवणारं पान उघडतं. ती फोटोची थेट फाइल नसते. थेट फाइल मिळवण्याच्या ज्या युक्त्या फिरत असतात, त्यांच्या भरवशावर साइट चालवता येत नाही. ड्राइव्हवरून वेब पानं चालवण्याची सोय गुगलने ३१ ऑगस्ट २०१६ पासून बंद केली आहे. शिवाय फोटो टाकणाऱ्याने आपल्या खात्यातली जागा मोकळी करण्यासाठी फाइल पुसली, तर लेखात रिकामी चौकट उरते. वर्डप्रेस आपल्या लायब्ररीतल्या प्रत्येक फोटोच्या लहान-मोठ्या प्रती तयार करतं आणि मोबाइलवरच्या वाचकाला लहान प्रत पोचवतं. बाहेरच्या लिंकला हा फायदा नाही. तेव्हा फोटोची प्रत साइटवर हवीच.

पहिलं पाऊल: आवक

ड्राइव्हमध्ये एकच मुख्य फोल्डर ठेवा आणि त्यात विषयाप्रमाणे उपफोल्डर करा. वारीचं वार्तांकन असेल तर सासवड, जेजुरी, लोणंद, फलटण, नातेपुते, माळशिरस, वाखरी असे मुक्कामाप्रमाणे. फोटो कुठला, हे निम्म्या वेळा फोल्डरवरूनच कळतं.

ड्राइव्हच्या दोन खोडी इथेच लक्षात घ्या. एकाच फोल्डरमध्ये एकाच नावाच्या दोन फाइली ड्राइव्ह बिनतक्रार राहू देतं. दोन छायाचित्रकारांच्या कॅमेऱ्यांनी आपल्या फोटोला एकच क्रमांक दिला, तर नावावरून ते वेगळे ओळखता येणार नाहीत. म्हणून ओळख नावावर ठेवू नका. प्रत्येक फाइलला ड्राइव्ह जो स्वतंत्र आयडी देतं, तो घ्या. नाव बदललं किंवा फाइल दुसऱ्या फोल्डरात हलवली तरी तो कायम राहतो. दुसरी खोड मालकीची. फोल्डर कार्यालयाच्या खात्याचं असलं तरी वार्ताहराने त्यात टाकलेली फाइल वार्ताहराच्या मालकीची राहते आणि त्याच्याच मोफत १५ जीबीतून जागा घेते. गुगल वर्कस्पेसच्या शेअर्ड ड्राइव्हमध्ये फाइली संस्थेच्या होतात. परवडत असेल तर तेच घ्या.

आता एक गुगल शीट उघडा. हीच नोंदवही. तिचे रकाने असे: आवक क्रमांक, फाइलचा आयडी, मूळ नाव, फोल्डर, रुंदी-उंची, फाइलचा चेकसम (फाइल बदलली की बदलणारा ठसा), स्थान-माहिती आहे की नाही, कॅप्शन, ऑल्ट टेक्स्ट, छायाचित्रकार, परवानगी, तयार, स्थिती, वर्डप्रेसचा मीडिया क्रमांक, गेल्याची वेळ, शेरा.

डावीकडचे सात रकाने यंत्र भरतं. गुगल शीटच्याच मेनूतून उघडणाऱ्या ॲप्स स्क्रिप्टमध्ये एक छोटी स्क्रिप्ट लिहायची. ती दर दहा मिनिटांनी फोल्डर चाळते आणि शीटमध्ये नसलेला आयडी दिसला की नवी ओळ घालते. फोल्डरात फाइल पडताक्षणी स्क्रिप्ट जागी व्हावी असा तयार ट्रिगर ॲप्स स्क्रिप्टमध्ये नाही, म्हणून वेळेवर चालणारा ट्रिगर लावायचा. फोटोचे पिक्सेल, चेकसम आणि स्थान या गोष्टी ड्राइव्ह स्वतःच नोंदवून ठेवतं. ॲप्स स्क्रिप्टमध्ये ड्राइव्हची प्रगत सेवा जोडली की त्या वाचता येतात.

इथे एक मोह टाळा. "मागच्या फेरीनंतर बदललेल्या फाइली तेवढ्या दे" असं तारखेवरून विचारणं सोपं वाटतं. पण दुसऱ्या फोल्डरातून हलवून आणलेल्या फाइलची बदलाची तारीख जुनीच राहते, आणि अशी फाइल कायमची निसटते. शीटमध्ये आयडी आहे की नाही, एवढीच कसोटी ठेवा.

मधला माणूस काढू नका

कॅप्शनपासून "तयार"पर्यंतचे रकाने डेस्कने भरायचे. "तयार" हा टिक करण्याचा चौकोन. त्यावर टिक पडेपर्यंत फोटो जागचा हलणार नाही, हा या व्यवस्थेतला सगळ्यात महत्त्वाचा नियम.

फोटो लायब्ररीत गेला तरी लेख मसुद्यातच आहे, मग घाई कसली, असं अनेकांना वाटतं. वर्डप्रेसची मीडिया लायब्ररी म्हणजे कुलूपबंद कपाट नाही. चढवलेल्या फाइलला त्याच क्षणी उघडा वेब-पत्ता मिळतो. कोणत्याही लेखाला न जोडलेल्या फोटोंची यादी वर्डप्रेसच्या रेस्ट एपीआयमधून, म्हणजे बाहेरच्या प्रोग्रामसाठी ठेवलेल्या दारातून, कुणालाही सहसा वाचता येते. म्हणजे लायब्ररीत टाकणं हे जवळपास प्रसिद्ध करणंच झालं. लैंगिक गुन्ह्यात बळी पडलेल्या बालकाची ओळख पटेल असा फोटो, नाव, पत्ता किंवा शाळा प्रसिद्ध करायला पॉक्सो कायदा, २०१२ च्या कलम २३ ने मनाई केली आहे. असा फोटो वार्ताहराने घाईत फोल्डरात टाकला आणि यंत्राने तो परस्पर साइटवर नेला, तर "आपोआप झालं" हे उत्तर कुणी ऐकून घेणार नाही.

वर्डप्रेसची किल्ली: पुरेल एवढीच

बाहेरच्या स्क्रिप्टला वर्डप्रेसमध्ये फोटो ठेवता येतो तो रेस्ट एपीआयमुळे. डिसेंबर २०१६ मध्ये आलेल्या ४.७ आवृत्तीपासून मजकूर आणि मीडियासाठी तो मूळ वर्डप्रेसमध्येच आहे. डिसेंबर २०२० च्या ५.६ आवृत्तीने ॲप्लिकेशन पासवर्डची सोय दिली. त्यामुळे आपला नेहमीचा पासवर्ड स्क्रिप्टला द्यावा लागत नाही.

वर्डप्रेसमध्ये या कामासाठी वेगळा वापरकर्ता तयार करा. त्याची भूमिका "लेखक" ठेवा. "योगदानकर्ता" या भूमिकेला फाइल चढवता येत नाही. "संपादक" किंवा "प्रशासक" या भूमिकांना गरजेपेक्षा फार जास्त अधिकार आहेत. लेखकाला फोटो चढवता येतो आणि स्वतः चढवलेल्याची माहिती दुरुस्त करता येते, इतरांच्या लेखांना हात लावता येत नाही. आपल्याला एवढंच हवं. उद्या किल्ली चुकीच्या हाती पडली तरी नुकसान मर्यादित राहील.

या वापरकर्त्याच्या प्रोफाइल पानावर ॲप्लिकेशन पासवर्ड तयार करा. तो २४ अक्षरांचा असतो, चार-चारच्या गटात दिसतो आणि एकदाच दिसतो. तो स्क्रिप्टच्या मजकुरात लिहू नका, शीटच्या रकान्यात तर मुळीच नको. ॲप्स स्क्रिप्टच्या "स्क्रिप्ट प्रॉपर्टीज"मध्ये ठेवा. स्क्रिप्ट संपादित करू शकणाऱ्या प्रत्येकाला तो तिथेही वाचता येतो, म्हणून हा हक्क मोजक्या लोकांनाच द्या. साइट एचटीटीपीएसवर नसेल तर आधी ते करून घ्या. त्याशिवाय वर्डप्रेस ही सोय देतच नाही.

ट्रिगर ज्याने लावला, त्याच्या खात्याच्या जोरावर स्क्रिप्ट चालते. तो सहकारी नोकरी सोडून गेला आणि खातं बंद झालं की यंत्रही बंद. म्हणून सगळी मांडणी कार्यालयाच्या सामायिक खात्यातूनच करा.

दुसरं पाऊल: जावक

दुसरी स्क्रिप्टही ट्रिगरवरच चालते. एका फेरीत तिने करायची कामं या क्रमाने:

१. आधी कुलूप घ्यायचं. एक फेरी चालू असताना कुणी हाताने दुसरी सुरू केली तर दोन्ही एकाच ओळीवर काम करतील. ॲप्स स्क्रिप्टची लॉक सेवा यासाठीच आहे.

२. "तयार" आहे आणि स्थिती "गेला" नाही, अशा ओळी निवडायच्या. एका वेळी पंधरा-वीसच.

३. कॅप्शन, ऑल्ट टेक्स्ट, छायाचित्रकार आणि परवानगी यांपैकी काही रिकामं असेल तर ओळ सोडून द्यायची आणि शेऱ्यात कारण लिहायचं.

४. स्थिती "पाठवतोय" करायची, आणि ती खरोखर शीटमध्ये उतरल्यावरच पुढे जायचं.

५. आयडीवरून फाइल घ्यायची, तिला आवक क्रमांकावर आधारलेलं नवं नाव द्यायचं आणि वर्डप्रेसच्या मीडिया पत्त्यावर पाठवायची. फाइल मल्टिपार्ट पद्धतीने पाठवली तर शीर्षक, कॅप्शन, ऑल्ट टेक्स्ट आणि स्लग (वेब-पत्त्यातलं नाव) एकाच विनंतीतून जातात. स्लगमध्येही आवक क्रमांकच ठेवायचा.

६. वर्डप्रेसकडून २०१ हा आकडा आला म्हणजे काम झालं. उत्तरात आलेला मीडिया क्रमांक शीटमध्ये लिहायचा आणि स्थिती "गेला" करायची. दुसरा कोणताही आकडा आला तर स्थिती "अडकला", आणि आकडा शेऱ्यात.

७. पाच मिनिटं होत आली की स्वतःहून थांबायचं. ॲप्स स्क्रिप्टची एक फेरी जास्तीत जास्त सहा मिनिटं चालते, मग गुगल ती मध्येच तोडतं. मोफत खात्यावर ट्रिगरना दिवसाला एकूण ९० मिनिटं मिळतात आणि बाहेरच्या विनंत्या २०,००० पर्यंत करता येतात. छोट्या साइटला विनंत्या कधी कमी पडत नाहीत. मिनिटं मात्र पडू शकतात. दर दहा मिनिटांची फेरी म्हणजे दिवसाला १४४ फेऱ्या झाल्या, आणि त्या आवक व जावक दोन्हींच्या. पाठवण्यासारखं काही नसेल तर स्क्रिप्टने क्षणात परत फिरावं.

सर्व्हरने नकार दिला की ॲप्स स्क्रिप्ट एरवी जागच्या जागी कोसळते. नकाराचा आकडा वाचून पुढे जायचं असेल तर विनंतीत तसा पर्याय चालू करावा लागतो. वरचे सात टप्पे एखाद्या जाणकार मित्राला किंवा एआय सहायकाला जसेच्या तसे दिलेत तरी स्क्रिप्ट तयार होईल. पासवर्ड मात्र कुणाच्याही चॅटमध्ये चिकटवू नका.

एकच फोटो दोनदा जाऊ नये म्हणून

फोटो वर्डप्रेसमध्ये पोचला, पण उत्तर परत येण्याआधी नेट तुटलं. शीटमध्ये "पाठवतोय" एवढंच आहे. आता काय? स्क्रिप्टने तो पुन्हा पाठवला तर वर्डप्रेस हू की चू करणार नाही. त्याच नावाची फाइल आधीपासून असली तर ते नव्या नावापुढे एक, दोन असे आकडे लावतं आणि दुसरी प्रत ठेवून देतं. महिन्याभराने लायब्ररीत एकेक फोटो तीनदा दिसू लागतो.

यावर उपाय म्हणजे "पाठवतोय"वर थांबलेली किंवा "अडकला" अशी ओळ दिसली की पुन्हा पाठवण्याआधी वर्डप्रेसला विचारायचं, या स्लगचा मीडिया तुमच्याकडे आहे का? असेल तर त्याचा क्रमांक शीटमध्ये लिहून "गेला" करायचं. नसेल तरच पुन्हा पाठवायचं. मोठ्या फोटोंच्या बाबतीत हे फारच गरजेचं आहे. फाइल पोचलेली असते, पण तिच्या लहान प्रती बनवताना सर्व्हर दमतो आणि ५०० हा आकडा परत येतो. वरवर काम फसलेलं दिसतं, फाइल मात्र आत असते. अशी फाइल सापडली तर "गेला" करण्याआधी एका माणसाने ती लायब्ररीत उघडून बघावी.

महागड्या सेवांमध्ये हा प्रश्न नसतो, असं समजू नका. एस-थ्रीमध्ये फाइल येताच सूचना मिळते, पण ती "किमान एकदा" येईल एवढीच हमी असते. तीच सूचना दोनदाही येऊ शकते. नोंदवही तिथेही लागतेच.

ड्राइव्हमध्ये त्याच फाइलची सुधारित आवृत्ती चढवली तर आयडी तोच राहतो, चेकसम बदलतो. अशी फाइल आपोआप पुन्हा पाठवू नका. शेऱ्यात "फाइल बदलली" एवढं लिहा आणि निर्णय डेस्ककडे सोडा. पुसण्याचंही तसंच. ड्राइव्हमधून फोटो गेला म्हणून साइटवरून जाता कामा नये. वाहतूक एकेरीच ठेवा.

नावात देवनागरी नको, कॅप्शनमध्ये हवीच

फाइलला मराठी नाव द्यायला वर्डप्रेसची हरकत नाही. अडचण पुढे येते. वेब-पत्त्यात देवनागरीच्या प्रत्येक अक्षरचिन्हाची नऊ रोमन चिन्हं होतात. "पंढरपूर" या नावात अनुस्वार आणि ऊकार धरून सात चिन्हं आहेत, पत्त्यात त्यांची ६३ होतात. असा पत्ता व्हॉट्सॲपवर पाठवला की मध्येच तुटतो.

त्याहून छुपी अडचण आपल्या ऱ् ची आहे. "वारकऱ्यांची दिंडी" या नावातला ऱ् संगणकात तीन प्रकारे साठवला जाऊ शकतो: एकच अखंड चिन्ह म्हणून, र आणि खालचा नुक्ता अशी जोडी म्हणून, किंवा र् पुढे न दिसणारं जोडचिन्ह लावून. मॅकच्या जुन्या फाइल-व्यवस्थेत पहिल्याचं दुसरं रूप आपोआप होत असे. डोळ्यांना तिन्ही सारखे, यंत्राला तीन वेगळी नावं. नावावरून शोध घेणारी कोणतीही स्क्रिप्ट इथे हमखास फसते. म्हणून साइटवरच्या फाइलचं नाव रोमन अक्षरं, आकडे आणि आडवी रेघ एवढ्यातच बसवा. वर्ष, विषयाचं छोटं रूप आणि आवक क्रमांक पुरेत.

मराठी हवी ती कॅप्शनमध्ये आणि ऑल्ट टेक्स्टमध्ये. दोन्हींचं काम वेगळं आहे. कॅप्शन बातमी सांगतं: कुठे, केव्हा, कोण. ऑल्ट टेक्स्ट फोटो न दिसणाऱ्या वाचकाला चित्र सांगतं. "चांदोबाचा लिंब येथे उभ्या रिंगणात धावणारा माउलींचा अश्व" हे कॅप्शन. "वारकऱ्यांच्या दोन रांगांमधून धावणारा पांढरा घोडा" हे ऑल्ट टेक्स्ट. एकच वाक्य दोन्ही रकान्यांत चिकटवलं की स्क्रीन रीडर वापरणाऱ्याला तेच दोनदा ऐकावं लागतं.

छापील अंकासाठी श्री-लिपीसारख्या प्रणालीत जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप केलेलं कॅप्शन शीटमध्ये चिकटवलं तर निरर्थक रोमन अक्षरांचा खच दिसतो. ते आधी युनिकोडमध्ये बदलून घ्या. कॅप्शनच्या रकान्यात एकही देवनागरी अक्षर नसेल तर ओळ अडवायची, एवढी तपासणी स्क्रिप्टला सहज जमते.

व्यावसायिक छायाचित्रकार पुष्कळदा कॅप्शन आणि श्रेय फोटोच्या आतच भरून देतात. फोटो चढवताना वर्डप्रेस ही आतली माहिती वाचतं, आणि शीर्षक किंवा कॅप्शन वेगळं दिलं नसेल तर तीच वापरतं. तोच फोटो व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवला की आकारही घटतो आणि आतली माहितीही जाते. वार्ताहरांना सांगा, व्हॉट्सॲपशिवाय पर्याय नसेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

आकार, आयफोन आणि स्थान

आजच्या कॅमेऱ्याचा ६,००० गुणिले ४,००० पिक्सेलचा फोटो म्हणजे २ कोटी ४० लाख पिक्सेल. फाइल आठ-दहा एमबीची दिसली तरी लहान प्रती करण्यासाठी सर्व्हरने ती उघडली की स्मृतीत सुमारे ९६ एमबी जागा लागते. स्वस्तातलं होस्टिंग इथेच मान टाकतं. ५.३ आवृत्तीपासून वर्डप्रेस २,५६० पिक्सेलपेक्षा मोठ्या फोटोची तेवढीच एक छोटी प्रत करून ती वापरतं, पण मूळ फाइलही ठेवून देतं. नेहमीच्या मापांच्या प्रती धरल्या तर अशा एका फोटोमागे आठ फाइली तयार होतात. २,००० पिक्सेल रुंदीचा फोटो पाठवला तर सहावर भागतं आणि वाचकाला फरक कळत नाही. ॲप्स स्क्रिप्टमध्ये फोटो लहान करण्याचं स्वतःचं साधन नाही, त्यामुळे छायाचित्रकारांनीच २,००० पिक्सेलची प्रत फोल्डरात टाकावी असा नियम करा. मोठी प्रत आली तर शीटमधल्या रुंदीवरून ती ओळखता येते.

२०१७ मधल्या आयओएस ११ पासून आयफोन फोटो हाइक स्वरूपात साठवतो. वर्डप्रेस ६.७ पासून असे फोटो चढवताना त्यांचं जेपेगमध्ये रूपांतर करतं, पण त्यासाठी सर्व्हरवरच्या इमेजमॅजिकला हे स्वरूप वाचता यावं लागतं. सोपा मार्ग म्हणजे फोनच्या कॅमेरा सेटिंगमधल्या "फॉरमॅट्स"मध्ये "मोस्ट कम्पॅटिबल" निवडायचं.

फोनने काढलेल्या फोटोत तो जिथे काढला, तिथले अक्षांश-रेखांश बरेचदा असतात. सभासदाच्या घरच्या समारंभाचा किंवा तक्रारदाराच्या मुलाखतीचा फोटो मूळ रूपात साइटवर ठेवला की घरचा पत्ताही ठेवला. आवक स्क्रिप्टने "स्थान आहे" असं दाखवलं तर तो फोटो संपादनाच्या सॉफ्टवेअरमधून स्थान वगळून पुन्हा निर्यात करा, आणि नवी फाइल फोल्डरात टाका.

अडलं कुठे, हे आकडा सांगतो

शेऱ्यातल्या आकड्यावरून बहुतेक दुखणी ओळखता येतात. ४०१ म्हणजे किल्ली पटली नाही: ॲप्लिकेशन पासवर्ड रद्द झाला असेल, किंवा तुमचं होस्टिंग विनंतीतली ओळखीची ओळ वर्डप्रेसपर्यंत पोचूच देत नसेल. ४०३ आला तर वापरकर्त्याची भूमिका तपासा. ती बरोबर असेल तर सुरक्षा प्लगइन किंवा फायरवॉल आड येत आहे. ४१३ म्हणजे फाइल फार मोठी. पीएचपीची मूळ मर्यादा एका फाइलला अवघी २ एमबी असते. होस्टिंग कंपन्या ती वाढवून देतात, पण किती, हे विचारून घ्या. ४२९ आला तर वेग कमी करा, एका फेरीत पाचच फोटो पाठवा. ५०० चं वर सांगितलंच: आधी शोधा, मग पाठवा.

रोज संध्याकाळी स्क्रिप्टने डेस्कला एक मेल करावा: आज किती आले, किती तयार, किती गेले, किती अडकले. एकही फोटो नसला तरी शून्यांचा मेल यावाच. फक्त बिघाडाच्या वेळी मेल पाठवणारी स्क्रिप्ट स्वतःच बंद पडली तर ते सांगायलाही कुणी उरत नाही. रोजचा मेल आला नाही, हीच मग सूचना.

दुसरे रस्ते

स्क्रिप्टच नको असेल तर झॅपियर किंवा मेकसारख्या सेवांमध्ये ड्राइव्ह आणि वर्डप्रेस हे दोन्ही ठोकळे तयार मिळतात. मांडणी पटकन होते. पण बिल कामांच्या संख्येवर लागतं, आणि सणासुदीला तीच संख्या फुगते. तशाच कामाचं एन-एट-एन स्वतःच्या सर्व्हरवर बसवता येतं, मात्र तो सर्व्हर सांभाळायला माणूस लागतो.

साइट स्वतःच्या सर्व्हरवर असेल आणि कमांड चालवता येत असतील तर आरक्लोन आणि डब्ल्यूपी-सीएलआय ही जोडी सर्वात दणकट. आरक्लोन ड्राइव्हचा फोल्डर सर्व्हरवर उतरवतं, इमेजमॅजिक फोटो लहान करतं, एक्झिफटूल स्थान काढून टाकतं आणि डब्ल्यूपी-सीएलआय थेट लायब्ररीत भर घालतं. सहा मिनिटांचं बंधनही नाही. फक्त आरक्लोनची "कॉपी" आणि "सिंक" या दोन आज्ञांमध्ये गल्लत करू नका. सिंक मूळ ठिकाणी नसलेल्या फाइली दुसऱ्या बाजूनेही पुसून टाकतं. कोणतीही आज्ञा आधी ड्राय-रन पर्यायासह चालवून ती काय करणार आहे ते वाचा.

सुरुवात अशी करा

चालू साइटवर पहिला प्रयोग नको. बहुतेक होस्टिंगवर साइटची चाचणी प्रत करून मिळते; ती घ्या. मुद्दाम त्रासदायक फाइली निवडा: एक अवाढव्य फोटो, एक हाइक, एकाच नावाचे दोन, मराठी नावाचा एक, उभा काढलेला एक, कॅप्शन नसलेला एक, आणि कुणीतरी चुकून टाकलेली एक पीडीएफ. मराठी कॅप्शनची प्रश्नचिन्हं न होता ते नीट पोचतं का, हे आधी बघा. मग स्क्रिप्ट मध्येच थांबवून पुन्हा सुरू करा आणि कोणताही फोटो दोनदा गेला नाही, याची खात्री करा.

जुना साठा एका दमात ओढू नका. एक तारीख ठरवून त्यानंतरचेच फोटो घ्या. जुने लागतील तसे. शीटच्या वरच्या एका चौकोनात "चालू" किंवा "बंद" असं लिहायची सोय ठेवा आणि दोन्ही स्क्रिप्टना सर्वात आधी तो चौकोन वाचायला लावा. गडबड दिसली की स्क्रिप्ट न कळणाऱ्या माणसालाही यंत्र थांबवता आलं पाहिजे. कोणतं खातं, कोणता वापरकर्ता, किल्ली कशी रद्द करायची, मेल कुणाला जातो, हे एका पानावर लिहून त्याच फोल्डरात ठेवा. त्या पानावर पासवर्ड लिहू नका.

मग सुरुवातीला काही दिवस फक्त आवक चालवा. फोटो पूर्वीसारखे हातानेच चढवा, पण शीट भरा. कॅप्शन, श्रेय आणि परवानगी हे रकाने रोज संध्याकाळपर्यंत भरले जात असतील तर जावक जोडा. पहिल्याच दिवशी फरक कळेल. भरले जात नसतील तर जावक जोडण्याची घाई करू नका. रिकाम्या ओळी अडवणारी तपासणी मग डेस्कला जाचक वाटू लागते, कुणीतरी ती काढायला लावतं, आणि यंत्र बिननावाचे, बिनपरवानगीचे फोटो आधीपेक्षा जास्त वेगाने साइटवर साठवू लागतं.